रेडिओबाईंच्या विरुद्ध

माझ्या बायकोने जन्मभर दुसऱ्यांची भांडणं भांडली आणि त्याचा तिला पगार मिळायचा. हे मी कोणालाही छाती पुढे काढून सांगतो. आमच्या शहराच्या रेडिओ केंद्रावर ती 'दुसरी बाजू' हा कार्यक्रम करायची. सगळं शहर तिला रेडिओबाई म्हणायचं. मला कोणी नावाने ओळखत नाही. मी गाडी चालवायला शिकवतो, म्हणून मी मास्तर.

तिच्या कार्यक्रमामागे एक नियम होता. रेडिओवर कोणी वादाच्या विषयावर मत मांडलं, की विरुद्ध मताच्या माणसाला तेवढाच वेळ द्यायचा. केंद्राच्या परवान्यातच तशी अट होती. बाकीची केंद्रं ती अट कशीबशी उरकून टाकायची. कोणी ऐकत नाही अशा वेळी कोणीतरी रडव्या आवाजात कागद वाचायचा, की झालं. हिला ते चालत नसे. स्टुडिओत टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एकीत मत मांडणारा बसायचा, समोरच्या खुर्चीत त्याच्या विरुद्धचा. विरुद्धचा माणूस आला नाही, घाबरला, किंवा त्याला बोलताच येत नसलं, तर ही स्वतः समोरच्या खुर्चीत बसून त्याची बाजू मांडायची. तिला स्वतःला ती बाजू पटो न पटो.

एकदा दुकानदारांच्या संघटनेने फुटपाथवरच्या विक्रेत्यांना हटवा म्हणून मोठं भाषण केलं. उत्तर द्यायचं होतं कंगवे आणि पिना विकणाऱ्या एका म्हातारीला. ती मायक्रोफोन बघूनच पळाली. मग ही दोन-तीन सकाळी तिच्या शेजारी फुटपाथवर जाऊन बसली. सगळं ऐकून घेतलं, लिहून काढलं आणि तिला वाचून दाखवलं.

"हेच म्हणायचंय ना तुम्हाला?"

म्हातारी म्हणाली, "म्हणायचंय हेच. पण मी एवढी गोड कधी बोलते गं?"

हिने ते घरी येऊन फाडलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी त्यात असा तिखटपणा होता की दुकानदारांचा अध्यक्ष महिनाभर हिच्याशी बोलला नाही. ज्याची बाजू आहे त्याने 'हो, हेच आणि असंच' म्हटल्याशिवाय ती काही रेडिओवर जाऊ द्यायची नाही.

सराव ती माझ्या गाडीत करायची. संध्याकाळी शेवटचा शिकाऊ गेला, की ती स्टेअरिंगपुढे बसायची, मी शेजारी. गाडी बंद, काचा वर. ती एक बाजू घ्यायची, मला दुसरी घ्यायला लावायची आणि चारी मुंड्या चीत करायची. मग बाजू बदलायची आणि पुन्हा चीत करायची. गाडी शिकवणाऱ्याची बायको, पण तिला गाडी कधी आली नाही. मी शिकवायला बसलो, की ती इथे ब्रेक का दाबायचा, यावरच वाद घालायची.

घरातही तेच. मी खिडकी उघडी ठेवू म्हटलं, की ती बंद का ठेवावी याची कारणं सांगायची आणि शेवटी स्वतःच उठून उघडायची. आता घरात मी म्हणेन तसंच होतं. खिडकी उघडी ठेवली की उघडीच राहते. एवढी वाईट गोष्ट दुसरी नाही.

ती जाऊन वर्ष होत आलं तेव्हा केंद्राचे नवे साहेब घरी आले. माणूस तरुण, वागायला चांगला.

"मास्तर, वर्ष पूर्ण होईल त्या दिवशी सकाळचा पूर्ण तास बाईंवर करायचा आहे. थेट प्रक्षेपण. तुम्हीही दोन शब्द बोला."

मला भरून आलं. मी विचारलं, "कोण कोण बोलणार?"

त्यांनी सांगितलं. शाळेच्या मुख्याध्यापिका, दुकानदारांचा अध्यक्ष, वाचनालयाचे जुने ग्रंथपाल. सगळी हिला मानणारी माणसं.

"आणि विरुद्ध कोण?"

"विरुद्ध म्हणजे?"

"तिचं चुकलं, असं म्हणणारं कोण?"

साहेब हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. "मास्तर, श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे हा."

"म्हणून काय? तिच्याच स्टुडिओत, तिच्याबद्दल, तासभर एकाच बाजूने बोलणार?"

"आता तसा नियमही राहिला नाही ना. अट उठलीये."

ते खरं होतं. ती गेली त्यानंतर काही महिन्यांनी ती अट काढून टाकली. केंद्रं भरपूर झाली, ज्याला जे ऐकायचंय ते तो ऐकेल, रेडिओवाल्यांवर सक्ती कशाला, असं कारण दिलं. 'दुसरी बाजू' अजून चालू होता, पण साहेब तो बंद करायच्या विचारात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

"गरज असेल तिथे आम्ही आपणहून देऊ की दुसरी बाजू," साहेब म्हणाले. "सक्ती केली की माणूस कंटाळून करतो."

"साहेब, माझ्या गाडीत माझ्या पायाखाली एक जादा ब्रेक आहे. आजवर एकाही शिकाऊने मला सांगितलं नाही, की मास्तर, मी वेळेवर दाबणार नाही. सगळे म्हणतात, आपणहून दाबू. म्हणूनच तो ब्रेक माझ्या पायाखाली लागतो."

माझी लेक त्या दिवसांत माझ्याकडे राहायला आली होती. ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "बाबा, तुम्ही कोणाबद्दल बोलताय? डॉक्टरीणबाईंना बोलावणार? आईच्या दिवशी?"

तिने बरोबर ओळखलं. दुसरं कोण असणार?

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी शहरात काविळीची साथ आली. पाणी खात्याचे मोठे साहेब रेडिओवर सांगून गेले, की पाणी स्वच्छ आहे. नियमाप्रमाणे विरुद्ध बाजू मांडायला बाजारपेठेतल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. "पाणी उकळूनच प्या," त्या म्हणाल्या. "खातं काय म्हणतं ते मला सांगू नका. माझ्या दारात पिवळ्या डोळ्यांची रांग लागलीये." शहर पाणी उकळायला लागलं. मग खात्याने नियमावर बोट ठेवलं. आमच्यावर आरोप झालाय, आम्हाला उत्तराची वेळ हवी. तो त्यांचा हक्कच होता. पण बोलायला कोणी पुढे येईना. त्यांनी तपासणीचे निकाल पाठवून दिले आणि ही समोरच्या खुर्चीत बसली.

तिने ती बाजू अशी मांडली, की ऐकून मीच नळाखाली पेला धरला. तपासणी खोटी नव्हती, पण ती टाकीजवळच्या पाण्याची होती. जमिनीखालचा मोठा नळ फुटला होता बराच पुढे, गटाराच्या बाजूला, आणि ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यासमोर शिलाईचं दुकान चालवणारी एक बाई होती, डॉक्टरीणबाईंची जुनी मैत्रीण. तिने उकळणं बंद केलं. तिला दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, मी सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "हो, पण नंतर रेडिओबाईंनी सांगितलं ना."

ती वाचली नाही.

फुटलेला नळ सापडला त्या आठवड्यात हिने रेडिओवर सांगितलं, की माझ्या आवाजात चुकीची गोष्ट तुमच्या घरात गेली. मग ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "या आणि माझ्याविरुद्ध बोला. वेळ तुमची आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यासमोर बसून तुम्हाला बोलले, की लोक शेवटी तुमचीच वाहवा करतील. बाईंचं मन किती मोठं म्हणून. मला ते नको."

हिने नंतरही कितीदा विचारलं. त्या आल्या नाहीत. ही अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा मला म्हणाली, "अहो, डॉक्टरीणबाईंची वेळ तेवढी राहिली." तेव्हा मी नुसती मान हलवली. आता ती वेळ आली होती.

हे सगळं लेकीला माहीत होतं. ती म्हणाली, "आईने चूक कबूल केली होती. आणखी काय पाहिजे लोकांना?"

"कबुली आईची होती. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं कुठे आलं त्यात?"

"बाबा, तुम्ही ना..." ती साहेबांकडे वळली. "ठीक आहे. बोलवा त्यांना. पण मग आईच्या बाजूने मी बसणार. ते मुख्याध्यापिका वगैरे नंतर."

साहेब बिचारे दोघांमध्ये सापडले. म्हणाले, "डॉक्टरीणबाई येणार असतील तर माझी ना नाही. पण त्या यायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. बाकावर पेशंटसारखा बसलो आणि नंबर आला तेव्हा आत गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीत माझ्याकडे गाडी शिकल्या होत्या, त्यामुळे आमची ओळख जुनी.

"काय होतंय, मास्तर?"

"मला काही होत नाही. तुम्ही अजून क्लच सोडताना श्वास रोखता का?"

"तुम्ही शेजारी बसून 'हं, हं' करायचात, म्हणून रोखायचे. बोला."

मी सांगितलं. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

"गेलेल्या माणसाच्या विरुद्ध बोलू? नवरा समोर असताना?"

"ती गेली म्हणून तुमचं म्हणणं गेलं का?"

"आणि तुम्हाला चालेल?"

"मला वाईट वाटेल," मी म्हणालो. "चालणं वेगळं, वाईट वाटणं वेगळं. तिला तर रोज कोणी ना कोणी बोलायचं. आता तुम्ही म्हणाल, मोठ्या मनाची वाहवा होईल. ती आता कसल्या वाहवेला येतेय?"

त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बाहेर गाडी आहे ना? चला, एक चक्कर मारू. इथे कंपाउंडर कान लावून बसलाय."

गाडी त्यांनी चालवली, मी शेजारी. आणि त्यांनी सगळं सांगितलं. शिलाईवाल्या बाईबद्दल, रांगेबद्दल आणि त्या नियमाबद्दलही. "मास्तर, तुमच्या गाडीला ब्रेक दोन आहेत. मान्य. पण स्टेअरिंग दोन आहेत का? फुटपाथ कोणाचा, यावर दोन मतं असू शकतात. पाण्यात जंतू आहेत की नाहीत, यावर मतं कसली घेता? ते तपासायचं असतं. तुमच्या नियमाला एवढा साधा फरक कळत नव्हता आणि तुमच्या बायकोने नियमापुढे आपली अक्कल बाजूला ठेवली. एवढी हुशार बाई. याचाच मला राग आहे."

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही, पण दाबलाही नाही. त्या म्हणाल्या, "येते मी."

तो दिवस उजाडला. केंद्राचं ते जाड दार ढकलून मी वर्षाने आत गेलो. भिंतींवर तोच भोकाभोकांचा पुठ्ठा, टेबलावर हिरवं कापड, काचेपलीकडे साहेब आणि यंत्रांसमोर मशीनमामा. मामा तिच्याबरोबर सुरुवातीपासून काम केलेले. त्यांनी मला बघितलं आणि उगाचच एक बटण पुसायला घेतलं. लेक एका खुर्चीत बसली. मी भिंतीला लागून, स्टुलावर. समोरची खुर्ची रिकामी.

लेक आधी बोलली. मला वाटलं होतं ती रडेल. ती अजिबात रडली नाही. तिने आपल्या आईबद्दल असं सांगितलं, की मी मान वर करून काचेत सगळ्यांचे चेहरे बघत होतो. ऐकताय ना, ही आमची आहे. कंगवेवालीची गोष्ट सांगितली. काविळीचंही तिने लपवलं नाही. म्हणाली, "पाणी खात्यालाच शेवटचा शब्द मिळाला, हे खरं. पण त्याच नियमामुळे डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा बोलता आलं होतं. नियम नसता, तर शहराने फक्त खात्याचंच ऐकलं असतं, आणि उकळलं कोणीच नसतं." मला हे सुचलं नव्हतं.

तेवढ्यात मशीनमामांनी काचेवर टकटक केली. गाणं लावून दिलं आणि आत येऊन फोन माझ्या हातात दिला. दवाखान्यातून होता.

"मास्तर, बाळंतपण अडलंय. मी हलू शकत नाही." मागून कोणी तरी कण्हत होतं. "माझं तुम्ही सांगा. तुम्हाला सगळं सांगितलंय मी." फोन बंद झाला.

मामांच्या मागोमाग आत आलेल्या साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो दिसला. "मास्तर, देवाच्या मनात नाही असं समजा. मुख्याध्यापिका बाहेर बसल्यात, त्यांना घेऊ?"

मी खुर्चीकडे बघितलं. मी बोलणारा माणूस नाही. गाडीत मी 'हळू', 'आरसा बघा' आणि 'अहो, आरसा' एवढंच बोलतो. पण विरुद्ध बाजूचा माणूस आला नाही तर इथे काय करतात, ते मला माहीत होतं. मी उठलो आणि समोरच्या खुर्चीत बसलो.

लेकीने डोळे मोठे केले. "बाबा?"

"मी आता तुझा बाबा नाही," मी म्हणालो. "मी डॉक्टरीणबाई आहे. हसू नकोस."

लाल दिवा लागला.

मी सांगितलं. मी कोण आणि कोणाच्या वतीने बोलतोय, ते आधी. मग रांग. मग तपासणी टाकीजवळची होती ती, आणि नळ कुठे फुटला ते. शिलाईवाली बाई. म्हणालो, रेडिओबाईंचा आवाज लोकांच्या घरातला होता, म्हणून तो वापरताना त्यांनी जास्त जपायला हवं होतं. काही गोष्टींना दोन बाजू नसतात, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. दोन ब्रेक आणि दोन स्टेअरिंगचंही सांगितलं. घसा कोरडा पडला, पण मी पाणी मागितलं नाही. त्या विषयावर बोलताना पाणी प्यायला बरं दिसलं नसतं. "अशा नियमापेक्षा नियम नसलेला बरा," हे वाक्यही मी म्हणालो. मला ते पटत नाही, अजूनही नाही. पण ते त्यांचं वाक्य होतं आणि मी ते गाळलं नाही.

मी थांबलो. साहेबांनी बोटाने बातम्यांची खूण केली. आणि मशीनमामांनी, कोणालाही न विचारता, एक बटण दाबलं. टेबलावरच्या स्पीकरच्या पेटीतून फोनवरचा आवाज आला.

"मास्तर, ऐकू येतंय का?"

"येतंय, डॉक्टरीणबाई."

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. इथे पडद्यामागे रेडिओ लावून ठेवला होता, मी तुमचं सगळं ऐकलं."

मी विचारलं. विचारणं भागच होतं. "हेच म्हणायचं होतं ना तुम्हाला?"

"हेच. एकही मुद्दा सुटला नाही." त्या थांबल्या. "पण मवाळ सांगितलंत हो. 'जास्त जपायला हवं होतं' म्हणे! बायको म्हणून सांभाळून घेतलंत. रेडिओबाई स्वतः त्या खुर्चीत असती, तर तिने रेडिओबाईला अशी सोडली नसती."

काचेपलीकडे मशीनमामांनी चष्मा काढला. मला हसू आलं आणि डोळेही भरले. सगळ्या शहरात तिला इतकं नीट ओळखणारी ही एकच बाई निघाली, आणि ती तिच्या विरुद्धची.

"मग पुन्हा सांगतो," मी म्हणालो.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. मग बातम्यांचा कागद हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी हाताने थांबवलं आणि मला काचेतून मान हलवली. बोला.

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. या वेळी जपायला हवं होतं असं म्हणालो नाही. म्हणालो, रेडिओबाईंना आपल्या आवाजाची किंमत माहीत होती आणि तरी त्यांनी तो घरांच्या नळाला न तपासलेल्या पाण्यासाठी दिला. म्हणालो, एक बाई त्यामुळे मेली, तिचं दुकान अजून बंद आहे, आणि चूक कबूल केल्याने ते उघडत नाही. माझा आवाज एकदाही हलला नाही. मी माझ्या बायकोविरुद्ध जेवढं कडक बोलता येईल तेवढं बोललो, आणि तिच्याबद्दल मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

"आता?" मी पेटीला विचारलं.

"आता बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच."

लेकीच्या गालावरून पाणी वाहत होतं. तिने ते मनगटाने पुसलं, मायक्रोफोन आपल्याकडे ओढला आणि थेट साहेबांकडे बघितलं.

"बाबांनी दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "मला उत्तर द्यायचंय. तेवढाच वेळ हवा."